पहिला परदेश प्रवास श्रीलंकेचा: काय पाहायचं आणि काय सोडायचं

पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला माहिती कमी पडत नाही, उलट तिचा भार होतो. श्रीलंकेला जायचं ठरलं की आठवड्याभरात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भली मोठी यादी तयार होते. सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, गॉल, त्रिंकोमाली, अनुराधापुर, सीतामाईचं मंदिर आणि कुणाच्या तरी मेव्हण्याने सांगितलेला एक धबधबा. सुट्टी असते सात दिवसांची. मग कुणीतरी म्हणतं, ‘एवढं लांब जातोय तर तेही बघून येऊ,’ आणि सहलीचे निम्मे तास गाडीच्या काचेतून रस्ता पाहण्यात जातात.

हा लेख त्या यादीवर काट मारण्यासाठी आहे. उदाहरण श्रीलंकेचं घेतलंय, कारण मराठी घरासाठी पहिला परदेश म्हणून याहून सोयीचा देश मला दुसरा दिसत नाही. मुंबईहून कोलंबोचं थेट विमान अडीच तासांच्या आसपास पोहोचतं. घड्याळ भारताचंच चालतं. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि ताटात भात, डाळ, नारळ असतोच. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं, म्हणजे ६५,६१० चौरस किलोमीटर. गडबड नेमकी इथेच होते. नकाशावर देश एवढासा दिसतो, म्हणून सगळं एका फेरीत उरकेल असं वाटतं.

आधी महिना बघा, मग ठिकाणं

श्रीलंकेत पाऊस दोन बाजूंनी, दोन वेगवेगळ्या वेळी येतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतो. त्याच महिन्यांत पूर्वेचा त्रिंकोमालीचा किनारा कोरडा आणि शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत हे उलटं होतं. पाऊस उत्तर-पूर्वेला आणि दक्षिणेचा समुद्र निवळलेला. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात बेभरवशाचे. तेव्हा देशभर कुठेही दुपारी जोरदार सरी येतात आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमाराला उठतात.

आपल्या सुट्ट्यांशी हे जुळवून पाहा. दिवाळीची सुट्टी नेमकी वाईट महिन्यांत पडते, म्हणून शक्य असेल तर श्रीलंका दिवाळीत नको. जमतच नसेल तर समुद्र आणि डोंगर दोन्ही सोडा आणि सिगिरिया-पोलोन्नारुवाच्या प्राचीन भागात मुक्काम करा. तिथे दुपारी पाऊस आला तरी सकाळ हाताशी राहते. मे महिन्याच्या सुट्टीत गॉल-मिरिस्साऐवजी पूर्वेला त्रिंकोमालीकडे वळा. नाताळ ते मार्च दक्षिण किनाऱ्यासाठी आणि डोंगरांसाठी सगळ्यात छान, मात्र नाताळच्या आठवड्यात हॉटेलं महाग असतात. एप्रिलमध्ये १३-१४ तारखेच्या आसपास सिंहली आणि तमिळ नववर्ष येतं. तेव्हा अख्खा देश गावी निघालेला असतो, दुकानं बंद आणि बस-रेल्वे भरलेल्या.

देवमासा पाहायचा असेल तर महिना कधीच नजरेआड करू नका. मिरिस्साहून निळे देवमासे पाहण्याचा काळ साधारण डिसेंबर ते एप्रिल. जुलैत तिथे जाऊन बोटवाल्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही, समुद्रच खवळलेला असतो. हत्तींचं याच्या बरोबर उलट. मिन्नेरियाचा तलाव तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधला. ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत त्याचं पाणी मागे सरतं, मोकळ्या झालेल्या जमिनीवर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या जंगलांतले हत्ती शेकड्याने तिथे उतरतात. त्या महिन्यांत जाणार असाल तर बाकी काहीही सुटलं तरी चालेल, हे सोडू नका.

घरातल्या प्रत्येकाकडून एकच गोष्ट लिहून घ्या

तारखा पक्क्या झाल्या की जाणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘कुठली एक गोष्ट बघितली नाही तर तुला चुटपुट लागेल?’ दोन नाहीत, एकच. आजी बहुधा सीतामाईचं मंदिर किंवा कँडीचं दंतमंदिर, म्हणजे बुद्धाचा दात जपलेलं मंदिर, सांगेल, नातू हत्ती म्हणेल, कुणाला नुसता समुद्र हवा असेल. ही चार-पाच उत्तरं म्हणजे तुमच्या सहलीचा कणा. बाकीचं सगळं वाटेत आलं तर.

याच वेळी गुडघ्यांची चौकशीही मोकळेपणाने करा. सिगिरियाला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत आणि वरच्या टप्प्यात लोखंडी जिने कातळाला टेकून चढतात. ज्यांना उंचीची भीती वाटते किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी खालच्या जलोद्यानात थांबावं. पंधराशे वर्षांपूर्वीचे हौद आणि कालवे तिथे आहेत, ती बाग स्वतःच पाहण्यासारखी आहे. मात्र हे आदल्या रात्री ठरलेलं असावं. पायऱ्यांच्या मध्यावर ‘मी इथेच बसते, तुम्ही जा’ असं म्हणायची वेळ आली तर सगळ्यांचाच दिवस कोमेजतो.

अंतर तासांत मोजा

नकाशावरचे किलोमीटर इथे फसवतात. द्रुतगती महामार्ग सोडला तर रस्ते अरुंद, वळणांचे आणि गावांमधून जाणारे. कार ताशी ३५-४० किलोमीटरची सरासरी गाठते, डोंगरात त्याहून कमी. कातुनायके विमानतळ कोलंबो शहराच्या उत्तरेला आहे. तिथून सिगिरिया सुमारे १५० किलोमीटर, पण चार तास धरा. सिगिरियाहून कँडीला अडीच-तीन तास. कँडीहून नुवारा एलिया जेमतेम ७५ किलोमीटर, तरीही तेवढेच. एल्लाहून गॉलला चार-पाच तास. दक्षिणेचा द्रुतगती मार्ग मात्र खरोखर वेगवान आहे, त्यामुळे विमानतळाहून गॉल अडीच तासांत येतं.

आता एक वही घ्या आणि तुमच्या यादीतल्या प्रत्येक दोन ठिकाणांमधले तास लिहा. दिवसाला तीन तासांहून जास्त गाडीत बसावं लागेल असे दिवस आठवड्यात दोनच ठेवा. यादी आपोआप आटोपते.

मुक्कामाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: सात रात्रींत तीनपेक्षा जास्त वेळा सामान बांधू नये. शेवटची विमानतळाजवळची रात्र यात धरलेली नाही. प्रत्येक नवीन हॉटेल म्हणजे आवराआवर, खोली मिळेपर्यंतची वाट आणि जेवायचं कुठे याचा नव्याने शोध, अर्धा दिवस सहज जातो. जिथे राहाल तिथून आजूबाजूचं पाहा.

जोडीतलं एक निवडा

श्रीलंकेतली बरीच ठिकाणं जोडीजोडीने येतात, आणि पहिल्या खेपेला जोडीतलं एक पुरतं. कुठलं, ते आवडीनुसार.

सिगिरिया की पिदुरंगला? पाचव्या शतकाच्या अखेरीस कश्यप राजाने एका सुट्या कातळावर राजवाडा बांधला, तो सिगिरिया. कातळ आसपासच्या जंगलातून जवळजवळ २०० मीटर वर उठलेला. समोरच पिदुरंगलाचा खडक आहे, तिकीट अगदी थोडं, आणि सिगिरियाचं सगळ्यात देखणं दर्शन तिथूनच होतं. शेवटच्या टप्प्यात मात्र मोठ्या धोंड्यांवरून हातापायांनी चढावं लागतं. सिगिरियाचं परदेशी पर्यटकांचं तिकीट डॉलरमध्ये आहे आणि चार जणांच्या कुटुंबाला ते जाणवतं. सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, म्हणून खिडकीवर पासपोर्ट दाखवा. पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये असून भागेलच असं नाही, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा.

मराठी माणसाने मी म्हणेन सिगिरियाच निवडावं, आणि त्याचं कारण अजिंठा. सिगिरियाच्या कातळाच्या खोबणीत रंगवलेल्या स्त्रिया आणि अजिंठ्याची वाकाटककालीन चित्रं एकाच शतकातली. एवढंच नाही, अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट भिंतभर रंगवली आहे. राक्षसिणींच्या बेटावर त्याचं जहाज फुटतं आणि पुढे तो सैन्य घेऊन ते बेट जिंकतो. जायच्या आधी शक्य झालं तर ते लेणं पुन्हा एकदा पाहून या. मग सिगिरियात गोल जिन्याने त्या खोबणीपाशी पोहोचाल तेव्हा नजर तयार असेल. तिथे फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे डोळे भरून पाहणं एवढंच उरतं. चित्रांखालून जाणारी ‘आरशाची भिंत’ही थांबून पाहा. शतकानुशतकं आलेल्या पाहुण्यांनी तिच्यावर कविता कोरल्या. सेनारत परनविताना यांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या.

सिगिरियाला दरवाजा उघडताच पोहोचा. दहानंतर कातळ तापतो आणि जिन्यांवर रांग लागते. कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, शांत राहा अशा पाट्या लावलेल्या दिसतील, त्या पाळा.

अनुराधापुर की पोलोन्नारुवा? अनुराधापुर जुनं आणि आजही जिवंत. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची फांदी आणली. त्या फांदीचा वृक्ष तिथे आजही उभा आहे आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं रोज त्याच्याभोवती बसून प्रार्थना म्हणतात. श्रद्धेने जाणाऱ्यांनी, विशेषतः बौद्ध कुटुंबांनी, विचार न करता अनुराधापुर निवडावं आणि त्याला पूर्ण दिवस द्यावा. जवळचं मिहिंतले, जिथे अशोकाचा मुलगा महिंदा याने धम्माचा पहिला उपदेश केला, तेही त्यातच जोडावं. पोलोन्नारुवा मध्ययुगीन, आटोपशीर आणि सायकलवरून फिरण्याजोगं. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूच्या काळात एका अखंड कातळात चार मूर्ती कोरल्या, ते गल विहार. त्यातली निजलेली बुद्धमूर्ती सुमारे १४ मीटर लांबीची आहे, आणि तिच्या डोक्याखालच्या उशीला पडलेला खळगादेखील दगडात दिसतो. वेरूळ-अजिंठ्यावर प्रेम असणाऱ्याला ही एकच जागा पुरेल. किशोरवयीन मुलं बरोबर असतील तर पोलोन्नारुवाच घ्या, सायकलमुळे ती कंटाळत नाहीत.

याला की उडवलवे? ही दोन्ही राष्ट्रीय उद्यानं. बिबट्यासाठी ‘याला’चं नाव मोठं, पण तिथल्या मुख्य भागात एका बिबट्यामागे जीपांची रांग लागते. शिवाय कोरड्या दिवसांत, बहुधा सप्टेंबरच्या सुमाराला, उद्यान काही आठवडे बंद असतं. बिबट्या दिसेलच याची हमी कुणीही देऊ शकत नाही. उडवलवेमध्ये हत्ती वर्षभर दिसतात आणि लहान मुलांची निराशा होत नाही. तिथेच वन्यजीव खात्याचं अनाथ हत्तींच्या पिल्लांचं केंद्र आहे. पिल्लांना दूध पाजताना लांबून, ओट्यावर बसून पाहायचं. त्यांना हात लावू देत नाहीत, कारण मोठी झाल्यावर ती परत जंगलात सोडायची असतात. हत्तीच्या पाठीवरची फेरी किंवा साखळीतल्या हत्तीला आंघोळ घालण्याचा कार्यक्रम कुणी सुचवला तर नाही म्हणा. मुलांना दोन्हींतला फरक दाखवायला याहून चांगली जागा नाही. गर्दी अजिबात नको असणाऱ्यांना वायव्येकडचं विल्पट्टू आहे, जंगल दाट, जीपा कमी, आणि प्राण्यांसाठी धीर धरावा लागतो.

रेल्वेचा तो प्रसिद्ध प्रवास

कँडी ते एल्ला या रेल्वेप्रवासाचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. चहाचे मळे, ढग, दारात बसलेली माणसं. प्रवास सुंदर आहे, पण तो साडेसहा-सात तासांचा आहे आणि गाडी उशिराही धावते. शेवटचे दोन तास मुलं आणि म्हातारी माणसं दोघंही कंटाळतात. म्हणून पूर्ण प्रवासाऐवजी तुकडा निवडा. कँडीहून नानु ओया, म्हणजे नुवारा एलियाचं स्टेशन, हा साधारण चार तासांचा टप्पा पहिल्यांदा जाणाऱ्यांना योग्य. एल्लाला जाणारच असाल तर नानु ओयाहून पुढे बसा. त्या टप्प्यात १,८९८ मीटर उंचीवरचं पट्टिपोला स्टेशन लागतं, देशातलं सगळ्यात उंच.

आरक्षण ३० दिवस आधी उघडतं आणि चांगल्या जागा काही मिनिटांत संपतात. तारीख लिहून ठेवा. मिळालं नाही तर हिरमुसू नका, बिनआरक्षित डब्यातून दोन तासांचा छोटा टप्पा करता येतो आणि तुमच्या भाड्याच्या गाडीचा चालक सामान घेऊन पुढच्या स्टेशनवर थांबतो. पावसाळ्यात दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, तेव्हा निघायच्या आठवड्यात गाड्या चालू आहेत ना, हे विचारून घ्या. दारात लटकून फोटो काढण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नका. बोगदे आणि कडेच्या झाडांच्या फांद्या फार जवळून जातात.

चहाचा कारखाना पाहायचा असेल तर वार बघून जा. रविवारी आणि पौर्णिमेला पानखुडणी बहुधा नसते, मग यंत्रं थांबलेली आणि मार्गदर्शक तोंडी सगळं समजावून सांगणारा.

रामायणाची ठिकाणं

आपल्याकडून जाणाऱ्या अनेक कुटुंबांसाठी हाच मुख्य ओढा असतो आणि तो मनापासून असतो. पण रामायणाशी जोडलेली ठिकाणं बेटभर विखुरलेली आहेत. मुन्नेश्वरम पश्चिमेला चिलावजवळ, कोणेश्वरम पूर्वेला त्रिंकोमालीत, रावणाची गुहा आणि धबधबा एल्लाजवळ. सगळी गोळा करायची म्हटली तर आठवडा गाडीतच संपेल. त्यापेक्षा एक ठिकाण निवडा आणि तिथे निवांत बसा. नुवारा एलियापासून काही किलोमीटरवर, सीता एलिया गावात, ओढ्याच्या काठी सीता अम्मन मंदिर आहे. हीच अशोकवाटिका अशी श्रद्धा आहे. थंड हवा, वाहतं पाणी, जवळच हकगला वनस्पती उद्यान. अर्धा दिवस समाधानाने जातो. पूर्वेला मुक्काम असेल तर कोणेश्वरम घ्या. समुद्रात घुसलेल्या कड्यावरचं शंकराचं मंदिर, संध्याकाळच्या आरतीला जावं असं.

कँडीच्या दंतमंदिरातही वेळ साधूनच जा. दिवसातून तीनदा, पहाटे, सकाळी उशिरा आणि संध्याकाळी, पूजेच्या वेळी ढोल वाजतात आणि गाभारा उघडतो. संध्याकाळी गर्दी फार, म्हणून वयस्कर मंडळींना सकाळची पूजा सोपी जाते.

मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला आणि टोपी बाहेर. दुपारी दगडी फरशी पाय भाजते, म्हणून बरोबर मोजे ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं तिथे अपमान मानला जातो. अंगावर बुद्धाचं चित्र गोंदलेल्या पर्यटकांना परत पाठवल्याच्याही घटना घडल्या आहेत. मुलांना हे विमानातच सांगून ठेवा.

आता आराखडे

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, डिसेंबर ते मार्च किंवा जुलै ते सप्टेंबर: सिगिरियात तीन रात्री, कँडीत एक, नुवारा एलियात दोन, शेवटची रात्र विमानतळाजवळ नेगोंबोत. सिगिरियाच्या पहिल्या पूर्ण दिवशी कातळ चढायचा आणि दुपारी झोपायचं. दुसऱ्या दिवशी पोलोन्नारुवा, आणि हंगाम असेल तर संध्याकाळी मिन्नेरियाचे हत्ती. कँडीला जाताना वाटेत दंबुल्लाची पाच गुहामंदिरं, त्यांची चित्रांनी झाकलेली छतं पाहायला दोन तास पुरतात. कँडीहून रेल्वेने वर. या आराखड्यात समुद्र नाही, गॉल नाही, एल्ला नाही. तेवढं सोडल्यामुळेच बाकीचं नीट पाहून होतं. जुलै-सप्टेंबरात नुवारा एलियात पाऊस आणि धुकं असतं, म्हणून स्वेटर आणि छत्री दोन्ही घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीचा एसला पेराहेरा असतो, सजवलेल्या हत्तींची रात्रीची मिरवणूक. त्याच्या तारखा दरवर्षी बदलतात. पाहायचा असेल तर हॉटेल फार आधी घ्या, नसेल तर त्या दिवसांत कँडी टाळा.

लहान मुलं किंवा फार थकलेले आईवडील बरोबर असतील आणि थंडीचे महिने असतील तर: गॉलमध्ये चार रात्री, उडवलवेत एक, कोलंबोत दोन. यात सिगिरियाही नाही. हे वाचून अनेकांना धक्का बसेल, पण चार वर्षांच्या मुलाला जिने चढवण्यापेक्षा गॉलच्या तटावर पळू देणं कितीतरी चांगलं. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये इथे तटबंदी सुरू केली, डचांनी सतराव्या शतकात आजचा किल्ला घडवला, आणि आत अजून लोक राहतात, शाळा भरतात. तटावर फिरायला तिकीट नाही. सूर्य कलल्यावर जा. वसई आणि अलिबागचे किल्ले पाहिलेल्यांना समुद्राला लागून एवढा धडधाकट राहिलेला किल्ला पाहून वेगळाच आनंद होईल.

मे-जूनमध्ये जाणाऱ्यांना: सिगिरिया तीन, त्रिंकोमाली तीन, परतीच्या वाटेवर एक. त्रिंकोमाली सिगिरियाहून दोन-अडीच तासांवर. निलावेलीचा किनारा उथळ आणि शांत असतो. मे महिन्याच्या पौर्णिमेला वेसाक येतो. घरोघरी कागदी कंदील लागतात आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण वाढणारे मांडव पडतात. अशा वेळी एखादं ठिकाण रद्द करा आणि संध्याकाळभर गावात चाला. दर पौर्णिमेला, पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारू मिळत नाही आणि मंदिरांत फार गर्दी होते, एवढं लक्षात ठेवून दिवस लावा.

प्रत्येक दिवसाला मुख्य गोष्ट एकच ठेवायची, आणि आठवड्यात एक दुपार पूर्ण रिकामी. त्या दुपारी बाजारात जा, बेकरीत बसा, किंवा झोपा. मुलांना पुढे कितीतरी वेळा याच दुपारी आठवतात.

जेवणाचं

शाकाहारी माणूस श्रीलंकेत उपाशी राहत नाही, पण एक गोष्ट माहीत हवी. नारळाच्या चटणीत, म्हणजे पोल संबोलमध्ये, आणि कित्येक भाज्यांत वाळवलेल्या माशाचा चुरा घालतात. त्याला उंबलकड म्हणतात. भाजी दिसायला शाकाहारी असते, म्हणून ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘मस् मालु एपा, उंबलकड एपा’ असं सांगा, म्हणजे मांस-मासे नको, चुराही नको. तमिळ वस्तीतली सैव हॉटेलं पूर्ण शाकाहारी असतात, कोलंबोत वेल्लवत्ते भागात ती भरपूर आहेत. कोवळ्या फणसाची ‘पोलोस’ करी कोकणी माणसाला कुयरीच्या भाजीची आठवण करून देईल, ती चुकवू नका. मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल झाडाची काकवी, हे गोड म्हणून रोज खाल्लं तरी चालेल. कितुल म्हणजे आपल्याकडचा भेरली माड.

निघण्याआधी

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी. प्रवेशपरवान्याचे नियम आणि शुल्क अलीकडे अनेकदा बदलले आहेत, म्हणून ते श्रीलंकेच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहा. त्याच्यासारखी दिसणारी खाजगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात. एका भारतीय रुपयाला तीनहून अधिक श्रीलंकन रुपये येतात, त्यामुळे किमतीचे आकडे मोठे दिसतात, घाबरू नका. २०२४ पासून काही दुकानांत यूपीआय चालतं, पण खेड्यात रोख लागते. शहरात रिक्षा पिकमी किंवा उबर अ‍ॅपवरून बोलवा, भावाची कटकट राहत नाही.

पूर्ण सहलीसाठी चालकासह गाडी ठरवणं कुटुंबाला सोपं पडतं. ठरवतानाच त्याच्या हातात तुमची काट मारलेली यादी द्या आणि स्पष्ट सांगा की मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान आणि लाकडी कोरीवकामाचा कारखाना यांत थांबायचं नाही, खरेदी करायची असेल तर तुम्हीच सांगाल. हे नम्रपणे, पण पहिल्याच दिवशी. नंतर सांगितलं तर त्यालाही अवघड जातं. चालकाच्या राहण्या-जेवणाचा खर्च भाड्यात धरला आहे का, तेही विचारा.

परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या रात्री डोंगरातून किंवा गॉलहून निघून थेट विमानतळ गाठायचा विचार करू नका. नेगोंबोत झोपा. तिथून विमानतळ जवळ आहे, पहाटेही वेळेवर पोहोचता.